कबाला आणि आम्ही चार भित्रे

चार रिकामे म्हातारे रोज एका बाकड्यावर बसले की किस्से साचतच जातात. लोकांचे किस्से हसायचे असतात, आमचे समदे भ्यायचे! अहमदपूरच्या स्टँडामागच्या चहाच्या हॉटेलात आम्ही बसतो. फिजिक्स शिकवून रिटायर झालेले स्वामी सर, धान्याच्या मोंढ्यातले आडते माणिकराव, शेतकरी बळीराम अण्णा आणि मी, एसटीचा जुना कंडक्टर.

एकदा सरांना मोबाईलवर 'कबाला' सापडली. कबाला म्हणजे ज्यू लोकांची गूढविद्या.

*

सर म्हणाले, "मूळ देव म्हणजे एन सोफ. ज्याला अंतच नाही असा. रूप नाही, गुण नाही."

"आपलं निर्गुणच की हे!" माणिकराव म्हणाले.

"हाव. पण त्याच्यातून दहा तेजं निघतात. ज्ञान, दया, न्याय... त्यांच्यातून तो आपल्याला कळतो."

अण्णांनी घाबरून हात जोडले. "सर, मला तेवढं दयेचं दाखवा. न्यायाचं नका दाखवू!"

*

दुसऱ्या दिवशी सर सांगत होते. आधी सगळीकडं देवच देव, जगाला जागाच न्हाई. मग देवानं स्वतःला आखडून घेतलं आणि त्या मोकळ्या जागेत जग झालं.

"म्हणजे गच्च गाडीत अंग चोरून बसतेत तसं!" मी म्हणालो. सर लई खुश झाले.

अण्णांचा मात्र कप हातातच राहिला. "म्हणजे आपण बसलोय, त्या जागी देव न्हाई?"

माणिकराव हळूच उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले.

*

मग फुटलेल्या भांड्यांची गोष्ट झाली. देवाचा उजेड भांड्यांत ओतला, भांड्यांना सोसला न्हाई, ती फुटली आणि ठिणग्या जगभर उडाल्या. चांगलं काम करून त्या उचलायच्या, हेच माणसाचं काम.

आठवड्यानं अण्णांच्या गिरजावहिनी हॉटेलातच आल्या. "काय शिकवलं हो सर तुम्ही? ठिणगी तुटंल म्हणून हे खुरपं लावू देईनात. रान तणानं भरलं, अन् हे ठिणग्या हुडकून राहिले!"

*

खरी भीती पुढच्या गोष्टीनं बसली. चार ज्ञानी माणसं देवाच्या गूढ बागेत शिरली. एक बघताबघता मेला, एकाला वेड लागलं, एकानं धर्म सोडला, एकच सुखरूप परत आला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आम्हीबी चारच!

"मी धर्म सोडतो!" माणिकराव लगेच ओरडले.

सर म्हणाले, "परत येणारा मी."

मी वेडाची जागा धरली. अण्णांच्या वाट्याला उरलं मरण. त्याच महिन्यात त्यांची छाती दुखली, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. आमची तर पाचावर धारण बसली.

*

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात अण्णांनी माझा हात गच्च धरला. "मधुकरा, लई भ्या वाटून राहिलं रे. त्या चौघांतला मरणारा मीच हाय."

सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "त्या ज्यू लोकांत एक रीत आहे. माणूस लई आजारी पडला की त्याचं नाव बदलतात. मृत्यूचा दूत जुन्या नावानं शोधत येतो, त्याला माणूस सापडत नाही."

"आवो, हे आमच्यातबी हाय!" वहिनी म्हणाल्या. "माझा भाऊ जगावा म्हणून त्याला दगडू म्हणले."

"मग? जगला?"

"ट्रॅक्टर चालवून राहिला!"

ठरलं! सर वाकले आणि पिकल्या केसांच्या अण्णांच्या कानात बारशासारखं 'कुर्रर्र' केलं. नाव ठेवलं केरबा. केरात टाकलेल्याला कोण नेतंय!

तेवढ्यात सिस्टर फाईल घेऊन आली. "बळीराम कोण आहे?"

कुणी हूं का चूं केलं न्हाई. अण्णांनी तर श्वास रोखला.

"अहो, बळीराम कोण?"

वहिनी उठल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी कपाळावरचं कुंकू पदराआड केलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बळीराम काल वारले. हे केरबा हायत, ह्यांना घ्या!"