‘मे’ म्हणाला, ‘विल’ नाही

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. हद्दीत प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा एक कारखाना होता. भरदुपारी त्याला आग लागली आणि एक तरुण कामगार आत भाजून मेला.

मालक शिकलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा. जबाबात म्हणाला, “दॅट मशीनवाला माइट हॅव थ्रोन अ बिडी.” हा मशीनवाला मालवणकडचा, पन्नाशीचा. मेलेला तरुण त्याचा सख्खा भाचा. त्यानेच त्याला गावाहून आणून कामाला लावलं होतं.

चौकशीत त्याने बिडी ओढतो हे लपवलं नाही. “पण त्या दिवशी आत ओढूक नाय, सायबानू,” एवढंच परत परत सांगत होता. मग एकदम हुंदका फुटला. “बहिणीक काय सांगू? तुझो झील मियाच मारलंय म्हणान सांगू?”

आमच्या सीनियर साहेबांना घाई होती. “अरे, बिडी ओढतो म्हणतोय ना? मग झालं. अटक दाखव आणि मोकळा हो.”

“साहेब, मालक ‘माइट’ म्हणतोय. म्हणजे टाकली असेल, नसेलही. तेवढ्यावर अटक करू?”

“तू मला इंग्रजी शिकवणार?”

“नाही साहेब. पण सही माझी लागणार, आणि मी ती करणार नाही.”

बदली करतो म्हणाले. म्हटलं, करा! बदलीची भीती होती, नाही असं नाही. पण मागे हटायची माझी तयारी नव्हती.

त्यातच ठाण्यात फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, “साहेब, बिडीचं काय धरून बसलाय? वायरीचं विचारा ना.” आणि फोन ठेवला. नाव नाही, गाव नाही.

मालकाला पुन्हा बोलावलं. अशा लोकांना दरडावून काही मिळत नाही, त्यांना बोलू द्यायचं. चहा पाजला, इकडतिकडच्या गप्पा मारल्या आणि सहज म्हटलं, “वायर पेट घेणार हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं म्हणे?” माझ्याकडे पुरावा शून्य. शुद्ध थाप!

तो ताडकन म्हणाला, “ही सेड ‘मे’! ही नेव्हर सेड ‘विल’!”

मी पेन खाली ठेवलं. “कोण ‘ही’?”

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. शेवटी त्याने नाव सांगितलं. वाकोल्याचा एक वायरमन.

त्याच दिवशी वायरमनचा जबाब घेतला. “मी मराठीतच बोललो, साहेब. मशीनमागची वायर बदला, नाहीतर पेट घेईल. ते म्हणाले, ऑर्डर जाऊ दे, मग बघू.” फोन त्याचाच होता का, हे मी विचारलं नाही. मशीनमागे पुन्हा पंचनामा केला. वायरीचं तांबं वितळून गोळे झाले होते. आग तिथूनच लागली, असं विद्युत निरीक्षकांनीही कळवलं.

तरी मालक वाद घालतच होता. “‘घेईल’ मीन्स ‘मे’. तुमच्या भाषेत नक्की असं काही नसतं.”

अस्सा संताप आला! म्हटलं, “आई ‘पडशील’ म्हणाली की पोर भिंतीवरून खाली उतरतं. शक्यता किती, ते विचारत बसत नाही.”

शंका वाईट नसते, पोलिसाचं पोट तिच्यावरच चालतं. पण या माणसाची शंका सोयीची होती. वायर कदाचित पेटेल, म्हणून काही करायचं नाही. गरिबाने कदाचित बिडी टाकली असेल, म्हणून त्याला बेड्या! पुढे नोकरीभर कोणी ‘कदाचित’ म्हटलं की मी आधी बघायचो, हे भोगावं कोणाला लागणार आहे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा मालकावर लावला. सीनियर साहेबांनी बोलणं टाकलं. नका बोलू, माझं काय अडलंय!

आग वायरीमुळे लागली हे त्या मशीनवाल्या मामाला सांगितलं, त्याचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवला आणि वाचून दाखवला. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, “सायबानू, ह्यां सगळां बहिणीक पत्रान कळवू?”

“पत्र नको. गावी जा आणि तिच्यासमोर बसून सांगा.”

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “होय,” म्हणाला. “आता जावक येतला.”