जिवलीची झोप

पापण्या जड होतात तेव्हा आधी आवाज लांब जातात. भांडी घासल्याचा आवाज आता पाड्याच्या पलीकडे गेला आहे आणि कोंबड्यांचा तर डोंगरापल्याड. भर दुपारी बारकी, दरडीत घर गेल्यावर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वळकटीवर डोकं टेकून पडली आहे. तिच्या पाठीशी सहा वर्षांची जिवली बसली आहे, डोळे टक्क उघडे ठेवून.

जिवलीचे आईबाप दरडीखाली गेले. अशा पोरासाठी या पाड्याची एक जुनी रीत आहे. 'तू कुणाकडे राहशील?' असं पोराला विचारायचं नाही. त्यानं पाळीपाळीनं सगळ्या चुलींपाशी जेवायचं, आणि ज्या घरात त्याला गाढ झोप लागेल ते त्याचं घर. बारकीचा नवरा रुपजी लहानपणी असाच तिच्या सासूच्या घरात आला होता. जिवली मात्र सगळ्या घरांतून फिरून आली, बारकीच्याही, आणि कुठंच झोपली नाही. जरा डुलकी लागते, की दचकून उठते.

उद्या बालकल्याण समितीच्या मॅडम येणार. बाई भली आहे. रीत समजून घेऊन म्हणाली होती, "एका घराचं नाव सांगा, पोर इथंच राहावी म्हणून मी भांडेन. पण नावच नसेल तर तिला शहरातल्या बालगृहात न्यावं लागेल." पाड्यानं हे काम बारकीवर सोपवलं, कारण सगळ्यांची पोरं तिच्याच बालवाडीत शिकली. आणि बारकीकडे नाव नाही.

"हे काय गो, कोंबड्यांचं खुराडं?"

दारात वनशी उभी आहे. बारकीची सासू, दरडीच्या आधीच वारलेली. ती आली याचं बारकीला नवल वाटत नाही. तिचे पाय ओले का, याचं वाटतं.

"सरकारी शेड आहे, आये."

"पावसात बोलतं का?"

"बोलतं कसलं? किंचाळतं."

वनशी बोळकं पसरून हसते. "बरं हाय. मुकं घर वाईट."

ती पत्र्याला हात लावते, तर हाताला पाणी लागतं. दोघी नदीत उभ्या आहेत. पाण्यावर बालवाडीची चटई अंथरली आहे आणि ती भिजत नाही. चटईवर एक पोरगा बसला आहे, नाक शेंबडानं भरलेलं, कडेला बकरी. बारकी निरखून बघते. हे तर रुपजीचे कान!

"याला माझ्याकडं झोप का लागली, सांग."

"तू माया लावलीस म्हणून."

"हट्! पहिल्याच दिवशी शिव्या घातल्या त्याला. बकरी राखायला सांगितली, तर यानं ती जाधवाच्या वालाच्या शेतात सोडली. आणि रात्रभर घोरला."

बारकी तोंडाला पदर लावते. एवढ्या संसारात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि जिवलीचं काय केलंत तुम्ही?"

"काय नाही केलं? ज्या घरी गेली तिथं कोंबडी कापली. नवी चादर दिली. ती पडली की कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही."

"कामं?"

"आईबाप गेलेत तिचे, आये. काम कोणत्या तोंडानं सांगायचं? परवा हंडा उचलत होती, मीच काढून घेतला."

वनशी पाण्यात काठी फिरवते. गढूळ होतं, परत निवळतं. "म्हणजे पाहुणी केलीत तिला. पाहुण्याला झोप येते का? उद्या जायला सांगतील म्हणून तो कान देऊन पडलेला असतो."

बालवाडीत रडणाऱ्या पोराला बारकी पहिल्यांदा खडू वाटायला लावायची. पोर वाटता वाटता रडणं विसरायचं. पोरांचं इतकं कळणाऱ्या तिला हे कसं सुचलं नाही? तिला वाईट वाटण्याआधी कुतूहलच वाटतं.

"मग काय काम सांगू तिला?"

"तुझं काय अडलंय?"

आता चूल आहे. जुन्या घरातली, दरडीखाली गेलेली तीच, आणि तिच्यात धग आहे. वनशी बारकीच्या डोक्याला हात घालते आणि तिथंच अडकते. "हे काय? चिमणीनं घरटं केलंय का?"

"तू गेल्यापासून कोण विंचरणार? रुपजी तर बैलाच्या शेपटासारखं ओढतो."

"मग तिला सांग की. मोठ्यानं सांग. आणि चुकली तर ओरड."

बारकी तोंड उघडते, पण आवाज फुटत नाही. चूल विझायला लागते, वनशी धुरासारखी पातळ होते. बारकी सगळा जीव घशात आणते.

"जिवले! इकडं ये, वेणी घाल माझी! ओढू नको, सांगून ठेवते!"

चूल जाते, नदी जाते. वर तापलेला पत्रा तडतडतो आहे.

ऊन दारातून सरकून गेलं आहे. आपण खरंच ओरडलो की काय, हे बारकीला कळत नाही. पण डोक्याची कातडी दुखते आहे. तिचा हात मागे जातो. मानेवर एक वेणी आहे, वाकडीतिकडी, मध्येच सुटलेली, टोकाला गवताच्या काडीनं घट्ट बांधलेली. पुढे हात जात नाही, कारण वेणीचं टोक एका लहान मुठीत आहे.

जिवली तिच्या पाठीला चिकटून झोपली आहे. तोंड उघडं, लाळ बारकीच्या लुगड्यावर. बाहेर कुणाचं तरी भांडं दणकन पडतं. जिवली नुसती कूस बदलते, वेणी ओढते.

"आई गं," बारकी पुटपुटते.

रुपजी शेतावरून येऊन दारात थबकतो. "चूल नाही पेटवलीस?"

"हलता येत नाही मला. तू पेटव."

तो वाकून बघतो. बघतच राहतो. मग हलकेच म्हणतो, "केवढी वाकडी घातलीय गो!"

"हो ना," बारकी म्हणते. "उठू दे तिला. चांगली ओरडणार आहे."