सासूबाई निवडणूक हरल्या तेव्हा

लग्न होऊन मी सोलापुरातून तेरजवळच्या एका गावी आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं लोटली होती. गावात पंचायतीची निवडणूक लागली होती. एक पार्टी पाटलांची, दुसरी शाळेतल्या जुन्या गुरुजींची. आमच्या ख्रिस्ती वस्तीला पाण्याचा हौद नव्हता. तो बांधायचं गुरुजींनी कबूल केलं, म्हणून सासूबाई त्यांच्यासाठी दारोदार फिरत होत्या.

त्या मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या सुईण. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. तरी बाजारच्या दिवशी पाटलांच्या एका माणसानं त्यांना भर रस्त्यात अडवलं.

"बाटग्यांनी गावच्या कारभारात तोंड घालायचं न्हाय!"

मी सासूबाईंचा पदर ओढून 'चला' म्हटलं. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "गाव माझंबी हाय, बाबा. तुमी तुमचं सांगा, आमी आमचं सांगतो. लोक ठरवतील." आणि रस्त्याकडेच्या मिरचीवालीपुढं बसून मिरच्या निवडायला लागल्या.

लोकांनी पाटलांना निवडून दिलं. गुलालाची मिरवणूक मुद्दाम आमच्या वस्तीवरून आली आणि नेमकी आमच्या दारापुढं थांबून हलगी वाजवू लागली. माझे चुलतसासरे, म्हणजे सासूबाईंचे धाकटे दीर, गुरुजींचे कट्टर कार्यकर्ते. त्यांनी आतून कडी लावली. सासूबाईंनी ती काढली. हातात पाण्याची कळशी आणि ताटलीत गुळाचे खडे घेऊन त्या बाहेर गेल्या. हलगी आपोआप थांबली.

"पाटील, सलाम. आमी मत तुमाला दिलं न्हाय, हे तुमालाबी ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पण आता आमचे सरपंचबी तुमीच. उन्हाचं फिरताय, पाणी घ्या."

पाटील गडबडले. त्यांनी गूळ तोंडात टाकला, ओंजळीनं पाणी प्याले आणि मिरवणूक पुढं गेली.

रविवारी उपासनेत सासूबाईंनी मोठ्यानं प्रार्थना केली. आजाऱ्यांसाठी केली, पिकासाठी केली आणि मग म्हणाल्या, "प्रभू, आमच्या नव्या सरपंचाला शहाणपण दे." चुलतसासरे ताडकन उठले आणि चपला घालून निघून गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. "बाई फितूर झाली," असं दुपारपर्यंत वस्तीभर झालं.

मला वाटलं, आता या रागावतील, नाहीतर रडतील तरी. त्या मला घेऊन सरळ दिरांच्या घरी गेल्या. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"भावजी, भूक लागलीय. भाकरी वाढायला सांगा."

भुकेल्या माणसाला कसं परतवायचं? चुलतसासूबाईंनी ताटं घेतली. दोन घास झाल्यावर चुलतसासरे फुटलेच. "वैनी, ज्यांनी तुमाला बाटगी म्हटलं, त्यांच्यासाठी प्रार्थना?"

"त्यांच्यासाठी करायची न्हाय, तर मग प्रभूनं कुणासाठी सांगितली?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या माणसांसाठी काय, सगळेच करतात. आन् हौद काय मी सोडून दिलाय व्हय? उद्या चावडीवर जायचंय. तुमीबी चला, मला एकटीला दोघांइतकं बोलता येत न्हाय."

चुलतसासरे हसले नाहीत, पण सकाळी डोक्याला पटका बांधून दारात उभे राहिले.

हौद काही लगेच झाला नाही. सासूबाई दर महिन्याला चावडीवर जायच्या, पाटलांना सलाम करायच्या आणि मागणी मांडायच्या. आवाज चढवायच्या नाहीत आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठायच्याही नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीवर दगड येऊन पडले, मग गवंडी आला. बाजारात अडवणाऱ्या त्या माणसानं मात्र कधी माफी मागितली नाही. सासूबाई दिसल्या की तो मान फिरवायचा. तरी त्या त्याच्या बायकोची, लेकरांची चौकशी करायच्या. मला ते कधीच जमलं नाही. मी पदर ओढून पुढं निघून जायची.

पुढच्या निवडणुकीत सासूबाई पुन्हा पाटलांच्या विरोधात फिरल्या. एका संध्याकाळी प्रचार करत आम्ही खुद्द पाटलांच्या दारावरून चाललो होतो. पाटील ओट्यावर बसले होते. "बाई, पाय दुखले असतील," ते म्हणाले. "बसा घडीभर, मग पाडा मला." त्यांनी स्वतः उठून घोंगडी अंथरली, आणि सासूबाई खरंच बसल्या.