आठीसाहेबांच्या पायाचा नंबर

आमच्या परवाना कार्यालयात उपप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘आठीसाहेब’ म्हणायचे. दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी. ती सकाळी त्यांच्याबरोबर कामावर यायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच घरी जायची. अकरा वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर टायपिंग करत होते, पण ती उलगडलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या आठीवर आमचा विभाग चालायचा. दुकानाची पाटी, गच्चीवरचं पत्र्याचं छप्पर, शिकवणीचे वर्ग, असल्या गोष्टींचे परवाने आम्ही द्यायचो. म्हणजे द्यायचो नाही. माणूस अर्ज घेऊन यायचा, साहेबांच्या तोंडाकडे बघायचा आणि आपल्याच हाताने अर्ज मागे ओढायचा. “राहू दे साहेब, पुन्हा कधीतरी येतो,” म्हणून वर माफीही मागायचा. जो हटत नसे त्याच्या अर्जावर साहेब ‘नामंजूर’ लिहायचे. त्यामुळे आमच्याकडे प्रलंबित प्रकरणं शून्य. ‘कर्तव्यकठोर अधिकारी’ असं प्रशस्तिपत्रक साहेबांना दोनदा मिळालं होतं.

मला दिसायचं ते एवढंच, की टेबलाखाली साहेबांच्या टाचा बुटाबाहेर असायच्या. कुणी आलं की त्या घाईघाईने आत जायच्या. का, ते विचारायची माझी काय टाप!

बूट काळे, नाडीचे, निमुळत्या टोकाचे. नोकरीला लागताना पहिल्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, “अधिकारी बुटांवरून ओळखतात.” बाविसाव्या वर्षी त्यांनी तसले आठ नंबरचे बूट घेतले. पुढे दर दोन वर्षांनी तेच दुकान, तोच बूट, तोच नंबर. चामडं आज ना उद्या सैल होईल, या आशेवर साहेबांनी पस्तीस वर्षं काढली. पायाला आठ नंबर, कपाळाला आठी.

मग एक दिवस जिन्यातच बुटाचा तळ निघाला. ते जुनं दुकान मधल्या काळात बंद पडलं होतं. शेवटी वहिनी, म्हणजे साहेबांच्या मंडळी, त्यांना बाजारातल्या एका बोळात घेऊन गेल्या. तिथे एक बाई बूट विकायच्या, साठीच्या घरातल्या, नाकावर चष्मा. पुढचं सगळं मला वहिनींनीच सांगितलं.

“आठ नंबर, काळा,” साहेब उभ्याउभ्याच म्हणाले.

“नंबर नाही विचारला. पाय दाखवा.”

“बाई, मी पस्तीस वर्षं आठ नंबरच घालतोय.”

“घालत असाल हो. बसत होता का?”

वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबांनी मोजा काढला. बाईंनी त्यांना मोजपट्टीवर उभं केलं, पंजाला फीत गुंडाळली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “दहा. पंजा रुंद. वय वाढतं तसा पाय पसरतो. पण आठ तर तुमचा तेव्हाही नसणार.”

साहेब जन्माचे सरकारी. “याला काही पुरावा?” त्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी आतून एक जोड आणला. काळाच, नाडीचाच, पण पुढून गोल आणि आतून मऊ. साहेब आरशापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग स्टुलावर बसून राहिले.

“अहो, काय झालं? लागतोय का?” वहिनी घाबरल्या.

“नाही,” साहेब म्हणाले. “काहीच होत नाहीये.”

निघताना त्यांनी हळूच विचारलं, खोक्यावर दहाच्या जागी आठ लिहून मिळेल का? बाईंनी पेन काढून मुकाट्याने लिहून दिलं. असलं गिऱ्हाईक त्या काही पहिल्यांदाच पाहत नसाव्यात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि आमच्या शिपायाच्या हातातला तांब्या कलंडला. कपाळ कोरं! “घरी काही बरंवाईट नाही ना झालं?” त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

तेवढ्यात पाववाली आली. बेकरीच्या पाटीसाठी तिची ही नववी खेप. तिने सवयीने अर्ज पुढे केला आणि सवयीनेच मागे ओढायला हात लावला.

“बसा,” साहेब म्हणाले.

ती खुर्चीच्या कडेला टेकली. साहेबांनी अर्ज वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सही केली.

“साहेब,” ती रडवेली झाली, “माझं काही चुकलं का?”

बातमी गावभर पसरायला दोन दिवस पुरले. रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली. महिनाभरात जेवढे परवाने सुटले तेवढे आधीच्या सहा वर्षांत सुटले नव्हते. आम्हा सगळ्यांचे हाल सुरू झाले. कामाच्या वेळेत काम करावं लागत होतं! कारकुनांनी सह्या गोळा करून तक्रार केली, आणि खोटं कशाला बोलू, तिसरी सही माझी होती.

प्रमुखांनी साहेबांना बोलावलं. मी टिपणं घ्यायला होते.

“तुमच्या विभागात प्रलंबित प्रकरणं दिसायला लागली आहेत. तब्येत ठीक आहे ना?”

“इतकी चांगली कधीच नव्हती, सर.”

“तेच म्हणतो मी. डॉक्टरांना दाखवून घ्या.”

बाहेर आल्यावर साहेब माझ्या टेबलाशी थांबले. “तुम्ही एवढी वर्षं बघताय. मी किती जणांना परतवून लावलं असेल हो?”

मी टिपणवही मिटली.

“त्यांच्या अर्जात काही खोट नव्हती. माझा अंगठा ठणकत होता.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नामंजूर अर्जांची कपाटं उघडली. धुळीने शिंकत शिंकत एकेक गठ्ठा सोडायचे आणि मला पत्र सांगायचे: ‘आपल्या अर्जाचा फेरविचार करण्यात येत आहे. कृपया भेटावे.’ बरीच पत्रं परत आली. कुणी घर बदललेलं, कुणी गेलेलं. तसं पाकीट आलं की साहेब ते उलटसुलट करून बघायचे आणि खणात ठेवायचे.

एका दुपारी मात्र एक म्हातारे शिंपी पत्र घेऊन आले. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी दुकानाचा परवाना मागितला होता.

साहेब उठून उभे राहिले. “माझ्यामुळे तुमचं दुकान राहिलं. मी फार दिलगीर आहे.”

शिंप्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “राहिलं कुठे? चालवलं की. परवान्याशिवायच.”

“एकोणीस वर्षं?”

“कुणी विचारायलाच आलं नाही. या फाटकासमोरच तर आहे. तुमच्या प्रमुखांच्या पॅन्टी माझ्याकडेच असतात.”

साहेब हसले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग टेबलाला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शिपाई दारातून डोकावला आणि तसाच उभा राहिला. म्हातारा आधी बुजला, मग तोही हसायला लागला.

“आता मला परवाना नको हो,” तो डोळे पुसत म्हणाला. “पण जिन्यावरच्या रांगेने अडवलं नाही तर खाली चहा घेईन.”

“चला,” साहेब म्हणाले, आणि दोघं निघाले. रांगेतली माणसं माझ्या तोंडाकडे बघू लागली.

“चहाला गेलेत,” मी सांगितलं. “येतील एवढ्यात.”

कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या बाईंना मी साहेबांची खुर्ची दिली आणि त्यांचा अर्ज वाचायला घेतला.