कारखान्यामागची शाळा आणि इतर वैताग

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी डबा रिकामा आणि एक किस्सा पदरात! बायको म्हणते, लिहून ठेवा. मी म्हणतो, लिहितोच की, फक्त त्याला रिपोर्ट म्हणतात आणि तो कुणी वाचत नाही.

आधी धंदा सांगतो. देवासला आमचं छोटंसं ऑफिस आहे. आबा मोहिते आणि मी, बस. आबा रिटायर्ड केमिस्ट. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या दरबाराबरोबर इकडे आले, आणि आबांचं मराठी अजून त्याच काळात आहे. कुठल्या कारखान्याला नवी केमिकल प्रोसेस बसवायची असली की आम्ही जाऊन बघतो. आत काय जातं, बाहेर काय येतं, आणि काही फुटलं-सुटलं तर कुणाचा जीव जातो. पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत पोहे, शेव, चहा सगळं येतं. तिसरा प्रश्न विचारला की मालकाला अचानक इंदूरला जायचं असतं.

सध्या डोक्याला ताप आहे तो एकाच फाइलीचा. माझी बायको सुनीता प्रायमरी शाळेत शिकवते. शाळेची मागची भिंत आणि एका कारखान्याची मागची भिंत एकच. त्या कारखान्याला जुनी प्रोसेस काढून नवी आणायची आहे. जुनीत नाक जाळणारं सॉल्व्हंट आणि ड्रमच्या ड्रम गाळ. नवीत सॉल्व्हंट नाही, गाळ नाही, वीजही कमी. कागदावर एकदम ग्रीन! फक्त तिला क्लोरीन गॅस लागतो, आणि त्याचे मोठाले सिलिंडर भिंतीला लागून ठेवायचे आहेत.

आबा म्हणाले, ‘‘नदीस बरी आणि माणसास बरी, ह्या निराळ्या गोष्टी आहेत रे.’’ माझी बायको भिंतीपलीकडे, म्हणून ती फाइल त्यांनी स्वतःकडे घेतली. पण सुनीताचा प्रश्न रोज मलाच असतो. ‘‘अहो, ते तुमचं ग्रीन-बिन राहू द्या. गॅस सुटला तर मी पोरांना घेऊन कुठे पळू?’’

बाकीच्या कारखान्यांत जे बघत होतो, त्यामुळे झोप आणखीच उडत होती. ऐकाच.

*

धार जिल्ह्यात, पीथमपूरकडे एक कारखाना. सांडपाणी शुद्ध करण्याची नवी टेक्नॉलॉजी बसवलेली. मॅनेजर आम्हाला थेट एका काचेच्या टाकीपाशी घेऊन गेला. टाकीत लाल-सोनेरी मासे, गुबगुबीत, मजेत फिरत होते. वर पाटी: शुद्ध केलेल्या पाण्यात आनंदी जीवन.

मी खूश झालो. म्हटलं, चला, एक तरी माणूस मनापासून काम करतोय. आबा मात्र टाकीच्या मागे गेले. तिथे पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरवाले जार ओळीने मांडलेले. आबांनी विचारलं, हे कुणासाठी? मॅनेजर म्हणाला, माशांसाठी. मग शुद्ध केलेलं पाणी कुठे जातं? ते मागच्या नाल्यात.

आबांनी त्याला जरा कडक आवाजात विचारलं की तेच पाणी ह्या टाकीत का घालत नाही. मॅनेजरला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, ‘‘सर, जीव आहे तो. मरतील ना!’’

*

दुसऱ्या ठिकाणी गॅस डिटेक्टर होता. महागडा, इम्पोर्टेड. गॅस सुटला की बोंब मारायची, एवढंच त्याचं काम. बघतो तर त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी, वरून रबर बँड, आणि अगदी नीट गाठ मारलेली.

आपल्याकडे हे घरोघरी आहे, मान्य. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, नव्या गाडीच्या सीटचं कव्हर मुलगा कॉलेजात जाईपर्यंत काढत नाहीत. पण अरे, डिटेक्टरला! मी विचारलं तर इन्चार्ज म्हणाला की नवीन आहे, धूळ बसते.

मी पिशवी काढली. डिटेक्टर लगेच ठणाणा करायला लागला. गॅस खरंच सुटत होता, थोडा थोडा, एका व्हॉल्व्हमधून. आम्ही सगळे बाहेर पळालो. धापा टाकत इन्चार्ज माझ्याकडे रागाने बघत म्हणाला, ‘‘देख लिया? इसीलिए बांध के रखते हैं.’’

त्या दिवशी घरी हा किस्सा सांगितला नाही. सुनीताच्या भिंतीपलीकडेही असलाच डिटेक्टर लागणार होता.

*

सेफ्टी शॉवर म्हणजे अंगावर ॲसिड उडालं तर धावत जाऊन खाली उभं राहायचा नळ. इतक्या वर्षांत चालू शॉवर मी क्वचितच पाहिला. कुठे पाणी नसतं, कुठे वॉचमनने खाली सायकल लावलेली असते.

देवासच्या एका प्लांटमध्ये मात्र शॉवर चालू! स्वच्छ फरशी, जोरदार पाणी. मी फॉर्मवर आनंदाने टिक करणार, तेवढ्यात आबांनी बोट दाखवलं. खोबणीत साबण, खिळ्याला टॉवेल, आरसा, वर खोबरेल तेलाची बाटली. शिफ्ट सुटली की सगळे तिथेच अंघोळ करून घरी जातात, असं कळलं. रंगपंचमीला तर रांग लागते म्हणे.

मी सुपरवायझरला विचारलं, एखादा अंगाला साबण लावून उभा आहे आणि दुसऱ्याच्या अंगावर ॲसिड उडालं, तर? त्याने खिळ्यावरचा टॉवेल सरळ केला. मग म्हणाला, ‘‘आवाज दे देंगे तो निकल आएगा भिया. अपने ही लोग हैं.’’

*

आबांच्या भाचीच्या लग्नाला टोंकखुर्दला गेलो होतो. म्हटलं, एक दिवस तरी केमिकलपासून सुट्टी. कसली सुट्टी! जेवणानंतर पान खायला बाहेर पडलो तर शेजारी खत-औषधांचं दुकान. दुकानदार एका शेतकऱ्याला नवं औषध खपवत होता. पूर्ण जैविक, झाडपाल्याचं, लहान पोरगं प्यायलं तरी काही होणार नाही, असं छातीठोक सांगणं चाललेलं.

आबांनी बाटली हातात घेतली. आत काय आहे, त्याचा एक शब्द लेबलवर नव्हता. वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाटलीचं झाकण भरून त्यांनी अदबीने दुकानदारापुढे धरलं.

दुकानदाराने हात जोडले. ‘‘आज ग्यारस है बाबूजी, उपवास है.’’

आबा जन्मात एकादशी चुकवत नाहीत. आणि ते आत्ताच दाल-बाफले आणि लाडू जेवून उठले होते.

*

तर आता भिंतीचा कारखाना. मालकाने आमच्यासमोर जाडजूड आपत्ती प्लॅन ठेवला. रंगीत नकाशे, बाण, सगळं मंजूर झालेलं. तिथले सेफ्टी ऑफिसर चौहान, खरोखर भला माणूस, म्हणाले की आमची तयारी पक्की आहे, फक्त तुमचा शेरा पाहिजे. शाळेनेही आपला प्लॅन वर पाठवून मंजूर करून घेतला होता.

आबा म्हणाले, कागद नको, चालून दाखवा. शाळा आणि कारखाना, दोघांनी एकाच वेळी. दोन्हीकडे त्यांनी बजावून सांगितलं, की तुमच्या प्लॅनमध्ये जे लिहिलंय तेच करायचं, आयत्या वेळी शहाणपण नको. सिलिंडर जिथे ठेवायचे त्या शेडमधून गॅस सुटलाय असं धरायचं. शेड कुठे, तर कारखान्याच्या मागच्या हिरव्यागार लॉनच्या कडेला, भिंतीला टेकून. लॉन संपलं की भिंत, आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. आबा आणि मी त्या फाटकापाशी उभे राहिलो.

शाळेत हेडमास्तरांशी सुनीताचं प्लॅनवरून वाजलंय, एवढं मला माहीत होतं.

सायरन झाला. कारखान्यातून माणसं शिस्तीत बाहेर पडली. पिवळी हेल्मेटं, दोन रांगा, पुढे शिट्टी वाजवत चौहान. लॉन ओलांडून ते सरळ फाटकाशी आले. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. चौहानांनी कडी काढून फाटक उघडलं.

पलीकडे सुनीता उभी होती. तिच्यामागे पहिली-दुसरीची पोरं, एकमेकांचे शर्ट धरून, नाकावर ओले रुमाल. शाळेचं अख्खं मैदान त्या रांगेने भरलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

चौहान अदबीने म्हणाले, ‘‘मॅडम, ज़रा साइड. गॅस लीक है, हमारे प्लॅन में आपका मैदान है.’’

सुनीता म्हणाली, ‘‘और हमारे प्लॅन में आपका लॉन.’’

सायरन चालूच होता. आबांनी डोळे मिटून घेतले. चौहानांनी पोरांकडे पाहिलं, मागच्या आपल्या माणसांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून त्यांना बाजूला सारलं.

‘‘हटो भिया, हटो,’’ ते म्हणाले. ‘‘पहले बच्चों को अंदर आने दो.’’