मी सलाम केला नाही

"नवऱ्याला सलाम कर आणि मग भोजन घे," पाळकसाहेब म्हणाले. रविवारी चर्चमध्ये, भर मंडळीत. माइकवरून.

प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक आमच्या बाकापर्यंत आलं होतं. मी हात पुढं केला आणि साहेबांनी तबक मागं घेतलं. माझा हात तसाच राहिला. पुढच्या बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. तेवढ्यात मागच्या दारातून खोकला ऐकू आला. तो खोकला मी झोपेतही ओळखते. माझा नवरा तासगावहून साताऱ्याला आला होता. त्याला बोलावून घेतलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत ही जुनी रीत आहे. प्रभुभोजनाआधी भांडलेल्यांनी पुढं यायचं, हात धरून 'सलाम' म्हणायचं. रस्त्यात भेटलो तरी आम्ही सलामच करतो, पण वेदीपुढचा सलाम वेगळा. तिथं तो एकदा तोंडातून निघाला की समेट झाला. मागचं उकरायचं नाही. बाईनं त्याच दुपारी नवऱ्याबरोबर नांदायला जायचं. मंडळीला माझा घटस्फोटाचा अर्ज मागं घ्यायला लावायचा होता. त्या एका शब्दासाठी हा सगळा घाट.

मी माहेरी का आले, तेही सांगते. नवरा बेदाण्याच्या शेडवर मुकादम. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. एकदा मी त्याला न विचारता आईला फोन केला. त्यानं मला त्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. धुरी विरत आलेली होती, म्हणून जगले. डोळे, घसा, छाती, सगळं पेटलं होतं. मी दार बडवत होते. तो बाहेर गाणं म्हणत होता. उपासनेतलं गाणं.

हे मी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्यानं दुसरी बाई ठेवलीय का?"

"नाही."

"मग शास्त्रात हे कारण बसत नाही. प्रभूनं व्यभिचाराचं तेवढं कारण सांगितलंय. कोर्टानं सोडलं तरी देवापुढं तू त्याचीच बायको. दुसरं लग्न केलंस तर व्यभिचारिणी तू ठरशील."

म्हणजे त्यानं बाई ठेवली असती तर मी सुटले असते. मला जिवानिशी मारत होता, ते कशात बसत नव्हतं. आतून जळत होते, पण त्या दिवशी तशीच घरी आले.

आता नवरा बाकांमधून चालत पुढं आला. पांढरा शर्ट, काखेत पवित्र शास्त्र. "सलाम," मोठ्यानं म्हणाला आणि हात पुढं केला. शेजारी बसलेल्या आईनं माझा पदर ओढला.

"म्हण की गं एकदा. उद्या मी मेले तर मला माती कोण दील? मंडळी टाकंल आपल्याला."

तिची भीती खोटी नव्हती. दफनभूमी मंडळीच्या ताब्यात आहे. मला तिची कीव आली, आणि रागही आला.

तो वाकला. फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "चल मुकाट. खोली हाय अजून तितंच."

तोवर मलाही वाटायचं, देवानं जोडलेलं मी तोडतेय. रात्ररात्र त्या विचारानं झोप यायची नाही. ते बोलणं ऐकलं आणि लख्ख कळलं. तोडलं त्यानंच, कडी घातली तेव्हा. मी फक्त बाहेर पडले.

मी उठून उभी राहिले.

"साहेब, ह्यानं आत्ता काय म्हटलं ते विचारा. मला परत धुरीच्या खोलीत घालीन म्हणतोय."

"वेदीपुढं तमाशा नको," साहेब म्हणाले. त्याला कुणी काही विचारलं नाही.

"मग मी सलाम करत न्हाई," मी म्हणाले.

मी बाहेर पडले. आई आली नाही. फाटकात त्याची मोटारसायकल आडवी लावलेली होती. अंग चोरून कडेनं निघाले.

आता मंडळीनं निरोप धाडलाय, समेट होईस्तोवर भोजन बंद. आई माझ्याशी बोलत नाही. नवरा तासगावला परत गेलेलाच नाही. अंधार पडला की ती मोटारसायकल आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. तो उतरत नाही. नुसता खोकतो. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पोलिसांत तक्रार दिलीय. तरी तो येतोच.

येऊ दे. कोर्टात मी धुरीचं सगळं त्याच्या तोंडावर सांगणार आहे. आईला माती द्यायला कुणी आलं नाही, तर खड्डा मी खणीन. देवाची प्रार्थना मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. तो माझाही देव आहे. आणि सुटका झाल्यावर चांगला माणूस भेटला तर मी लग्न करीन, दिवसाढवळ्या करीन, आणि त्यासाठी परवानगी मागायला कुठल्याही पाळकाच्या दारात जाणार नाही.