पाहुण्या पिचरचं पोट

तांची एर्सिलियाला कशाकशाची भीती वाटते ते सांगायला बसलं तर जेवणाची वेळ टळून जाईल, आणि जेवणाची वेळ टळण्याचीही तिला भीती वाटते. आमच्या कुरासाव बेटावर, विलेमस्टाड शहरात, खाडीवरचा तरंगता पूल जहाज आलं की माणसांसकट बाजूला सरकतो. आम्ही त्यावर उभे राहून गप्पा मारतो. ती आयुष्यात एकदाच त्यावर चढली आणि कठड्याला अशी चिकटली की तिला सोडवायला तिघे लागले. लिफ्टची भीती, गॅसच्या टाकीची भीती, अवेळी वाजणाऱ्या फोनची भीती. आणि सगळ्यांत मोठी भीती तिच्या फाटकावरच्या झाडात राहणाऱ्या इग्वानाची. तो बिचारा एक म्हातारा, ढेरपोट्या सरडा, पानं खातो आणि झोपतो. पण मी तिला माझ्या ट्रकमधून घरी सोडतो तेव्हा आधी हॉर्न वाजवायचा, इग्वाना वरच्या फांदीवर गेला याची खात्री करून द्यायची, मगच ती खाली पाय ठेवते.

तांची म्हणजे आमच्याकडे आत्या. खरी आत्या ती एकट्या ओरेल्विनची, तिच्या भावाच्या मुलाची. पण हाक मारते सगळी वस्ती.

या भित्रेपणानेच तिला ते काम मिळवून दिलं. अर्धवट शिजलेल्या कोंबडीची तिला इतकी धास्ती, की तिच्या रश्श्यात कोंबडीची ओळखसुद्धा उरत नाही. तिच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलंय असं उभ्या कुरासावमध्ये कुणी ऐकलेलं नाही. त्या वर्षी लहान मुलांच्या बेसबॉलचे कॅरिबियन सामने आमच्या बेटावर होते. जिंकणारा एकच संघ अमेरिकेला, जगाच्या स्पर्धेला जाणार. बाहेरगावचे संघ एका शाळेच्या वसतिगृहात उतरले, आणि तिथलं स्वयंपाकघर तांचीच्या हाती आलं. सामान वाहायला मी.

अंतिम सामना आमचा आणि अरुबाचा. अरुबा म्हणजे शेजारचं बेट. भाषा तीच, त्यामुळे एकमेकांच्या शिव्या नीट कळतात. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मिलांगेलो नावाचा एक लांबुडका पोरगा. त्याच्यापुढे आतापर्यंत कुणाची बॅट धड लागली नव्हती. आमच्याकडे ओरेल्विन होता. बॅट हातात घेतली की तो चेंडू कुंपणापलीकडे शोधायला पाठवायचा.

सामन्याच्या सकाळी अरुबाचे प्रशिक्षक, वेर्लेमन नावाचे सभ्य गृहस्थ, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"तांची, काल रात्री जेवायला काय होतं?"

"कोंबडीचा रस्सा आणि फुंची," तांची म्हणाली. फुंची म्हणजे आमचा मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा. "का हो?"

"मिलांगेलो उठत नाहीये. पोट धरून पडलाय."

तांचीच्या हातातला झारा पातेल्यात पडला आणि बुडाला. तो तिने बाहेर काढला नाही.

डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, उलटी नाही, बाकीची पोरं ठणठणीत. पाणी पाजा म्हणाले. पण तांची खुर्चीवर बसून पुटपुटत राहिली, "रुफो, संपलं माझं. घरच्या संघासाठी पाहुण्याच्या पोराला काहीबाही खाऊ घातलं म्हणतील."

मी तिला धीर दिला, असं कुणी म्हणणार नाही म्हणालो. मग बर्फ आणायला कोपऱ्यावरच्या एडसेलच्या दुकानात गेलो. तर तिथे सगळे तेच म्हणत होते. फक्त रागाने नाही, कौतुकाने.

"तांचीला सांग," एडसेल डोळा मारून म्हणाला, "हे माल्ट सरबताच्या बाटल्यांचं खोकं दुकानाकडून. आणि रश्श्याची कृती कुणाला देऊ नको म्हणावं."

"मी तर तिला भित्री समजत होतो," बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. "बाई सेनापती निघाली."

मी खोकं नेऊन तिच्यापुढे ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. शिव्या बसल्या असत्या तर ती रडली असती. शाबासकी ऐकून ती पांढरीफटक पडली.

"म्हणजे ओरेल्विन आज जिंकला," ती म्हणाली, "तर जन्मभर लोक म्हणणार, तो नाही जिंकला, त्याच्या आत्याचा झारा जिंकला. रुफो, तो पोरगा उठलाच पाहिजे."

ती मिलांगेलोच्या खाटेशी गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे.

"कुठे दुखतं रे बाळा?"

त्याने पोटावर हात ठेवला.

"सारखं दुखतं?"

"नाही. मैदान आठवलं की."

"आणि हात?"

"गार पडतात."

तांचीने त्याचे हात हातात घेतले. मग एक लांब श्वास सोडला आणि खाटेच्या कडेवर बसली. चेहऱ्यावर चक्क रंग आला. "हे रश्श्याचं नाही," ती म्हणाली. "हे माझंच दुखणं आहे." आणि तिने त्याला आपली सगळी यादी ऐकवली, पुलापासून इग्वानापर्यंत. इग्वानापाशी पोरगं हसलं.

"पण तांची, तुम्ही मग काय करता?"

"पीठ मळते. हातांना काम दिलं की पोटाला विसर पडतो. ऊठ."

तिने त्याला स्वयंपाकघरात नेलं, मैद्याचं पीठ पुढ्यात ठेवलं आणि तळायच्या पोळ्यांसाठी गोळे करायला लावलं. दोन तळव्यांमध्ये धरून सावकाश फिरवायचा, घाई करायची नाही, फट राहिली तर पुन्हा. पहिले गोळे वेडेवाकडे झाले. हळूहळू गोल व्हायला लागले. मग त्याने स्वतःच वळलेल्या गोळ्यांच्या तीन पोळ्या गरमगरम खाल्ल्या आणि चौथी मागितली.

मी तांचीला बाजूला घेऊन म्हणालो, "आता पुरे. फार बरा करू नका."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप भांडी घासायला लागलो.

सामन्याला आख्खं बेट लोटलं होतं. मिलांगेलो मैदानात उतरलेला पाहून एडसेलने माझ्याकडे आणि मी आभाळाकडे पाहिलं. तांची जाळीच्या कुंपणाला धरून उभी होती, अर्धा वेळ डोळे मिटून. "काय झालं?" विचारायची, आणि मी सांगायला लागलो की "नको सांगू" म्हणायची.

शेवटच्या डावात अरुबा एका धावेने पुढे होतं. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, दोन बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला, आणि बॅट घेऊन ओरेल्विन आला. एक फटका आणि अमेरिका. आमच्या लोकांनी गोंगाटाने आभाळ डोक्यावर घेतलं. मिलांगेलोने पोटाशी हात नेला. तांचीने डोळे उघडले. भाचा समोर, आणि भीती वाटली की तिचे हात जे नेहमी करतात तेच करायला लागले. कुंपणापाशी उभी राहून ती दोन तळव्यांमध्ये नसलेला गोळा वळत होती. खूण वगैरे काही नव्हती ती. तिला पत्ताही नव्हता.

मिलांगेलोने मात्र तिच्याकडे पाहिलं. मग चेंडू दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवला. आणि फेकला. पुन्हा फिरवला, पुन्हा फेकला. तिसऱ्या चेंडूलाही ओरेल्विनची बॅट वाऱ्यातून गेली, आणि तीनदा हुकला तो बाद. अरुबा जिंकलं.

त्यानंतर जी शांतता झाली ती मला आवडली नाही. परतताना एडसेलच्या दुकानावरून आलो तेव्हा कुणी हात केला नाही. माल्टचं खोकं तर सामना संपायच्या आतच कुणीतरी वसतिगृहातून उचलून नेलं होतं.

घर आलं तसं तांची म्हणाली, "रुफो, थोडा पुढे घे." पुढे घेतला. "एक चक्कर मार." मारली. "आणखी एक." पेट्रोलचा काटा खाली जायला लागला. तिच्या पायरीवर ओरेल्विन बसला होता, अंगात अजून संघाचा सदरा.

"काय तोंड दाखवू मी त्याला?" ती म्हणाली.

शेवटी तोच उठून ट्रकपाशी आला आणि खिडकीवर हात ठेवून उभा राहिला.

"तांची, तो पोरगा चेंडू तसा वळायला कुठे शिकला?"

लहानपणापासून तिच्या ओट्याशी बसून गोळे वळलेला पोरगा तो. त्याच्यापासून काय लपणार?

"माझ्या स्वयंपाकघरात," तांची म्हणाली. "त्याचं पोट दुखत होतं. भीतीने."

ओरेल्विनने बुटाच्या टोकाने माती उकरली.

"माझंही दुखत होतं," तो म्हणाला. "सकाळपासून. घरी कुणी नव्हतं."

तांचीने ट्रकचं दार उघडलं आणि ती खाली उतरली. मी हॉर्न वाजवला नव्हता. इग्वाना खालच्याच फांदीवर, तिच्या डोक्याच्या हातभर वर पसरला होता. ती त्याच्याखालून गेली, पोराचा हात धरून, आणि आत जाऊन दिवा लावला. थोड्या वेळाने परात काढल्याचा आवाज आला.

मी आणि इग्वाना बाहेर बसून राहिलो.